छातीवरचे वण

पैलवानाला अंग झाकून भागत नाही. लंगोट कसून मातीत उतरलं की सगळ्या गावानं त्याचं अंग पाहायचं असतं. म्हणूनच जे झालं ते कुणाला सांगायला मला इतकी वर्षं लागली. आता वय झालं, लाजेची धार बोथट झाली, तरी हे लिहिताना कान गरम होतातच. पण देवानं केलेला उपकार लाजेपोटी दडवून ठेवणं बरं नव्हे, असं मन सारखं टोचतं, म्हणून लिहितो.

माझं गाव कागलजवळचं. घरी शेती. सोळाव्या वर्षी वडिलांनी मला कोल्हापुरात एका तालमीत आणून ठेवलं. महाराजांच्या राज्यात कुस्तीला केवढा मान होता, हे आजच्या माणसाला सांगून कळायचं नाही. खासबागेचं मैदान तेव्हा नवं होतं, आणि त्या मातीला एकदा तरी पाठ न टेकता परत यावं एवढंच माझं स्वप्न होतं. पण वर्षभरात माझ्या छातीला भलतंच काही होऊ लागलं. दंड भरत होते, मांड्या भरत होत्या, आणि छातीवर दोन्ही बाजूंना बाईसारखा उभार येत चालला होता. जोर वाढवले, खुराक कमी केला, तरी तो जाईना. मी बंडी घालून मेहनत करू लागलो, सगळ्यांच्या आधी आंघोळ उरकू लागलो. पण लढतीला बंडी काढावीच लागे. एका गावच्या जत्रेत मी मैदानात उतरलो आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "ह्याला लुगडं नेसवा की." सगळं मैदान हसलं. समोरचा पैलवानही हसला. मी सलामी न देताच बाहेर आलो. त्या दिवशी वाटेत जी विहीर दिसे तिच्यात मी वाकून पाहत होतो.

माझ्या मामांना एक डॉक्टर ठाऊक होते. लांबच्या दवाखान्यात ते शस्त्रक्रिया करत. त्यांनी तपासून सांगितलं, हा रोग नाही, काही मुलांना वयात येताना असं होतं, तुझं जरा जास्तच वाढलंय, कापून कमी करता येईल. त्यांनी मला औषध हुंगवून निजवलं आणि दोन्ही बाजूंचा उभार काढून टाकला. निघताना बजावून सांगितलं, पट्टा घट्ट बांधून ठेव, हात खांद्याच्या वर नेऊ नको, जखमेला ऊन लागू देऊ नको, सहा महिने तालमीचं नाव घेऊ नको. तरच वण बारीक राहतील.

मी मान हलवली आणि महिन्याभरात तालमीत परत आलो. आमचे वस्ताद बुटके, कान चुरगळलेले, फार कमी बोलणारे. त्यांनी पट्ट्याकडे बघून काय झालं विचारलं. खरं सांगायला तोंड उघडेना. मी म्हणालो, घरच्या बैलानं शिंग मारलं. वस्तादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या रविवारी ते जेवायला बसले नाहीत. विचारल्यावर कळलं, माझी जखम भरावी म्हणून त्यांनी जोतिबाचे रविवार धरले होते. साठीचा माणूस दिवसभर उपाशी राहून पोरांना डाव दाखवत होता, आणि मी कोपऱ्यात बसून भाकरी गिळत होतो. तो घास अजून माझ्या घशात आहे.

लाजेला घाई फार. उपास सुटावेत म्हणून जखम लवकर भरावी, आणि कुणी नीट बघायच्या आत वण नाहीसे व्हावेत, असं मला झालं. चोरून जोर मारले. जखमा ताणल्या, वण रुंद झाले, उजव्या बाजूचा तर लाल होऊन गांडुळासारखा वर आला. तेव्हा कुणाचं तरी ऐकून त्यावर बिब्बा लावला, जळून जाईल म्हणून. कातडी जळाली, वण तिथंच राहिला, आणि खाली पू धरला. रोज संध्याकाळी अंगात ताप भरू लागला.

चौथ्या रविवारी वस्तादांनी गुलाल-खोबऱ्याची पुडी माझ्या हातात दिली आणि डोंगरावर जाऊन देवाला वाहून ये म्हणाले. नाही कसं म्हणू? मी चालत निघालो. वाटेत मनातल्या मनात जोतिबाशी भांडत होतो. माझ्या अंगावरची ही खूण पुसून टाक, नाहीतर मला तरी पुसून टाक, एवढंच मागणं. अर्ध्या वाटेवर डोळ्यांपुढं अंधारी आली. एका आंब्याखाली बसलो तो उठवेना. ऐन दुपार होती. लोक चांगभलं म्हणत पुढं जात होते. मला कुणी हाक मारू नये म्हणून मी तोंड झाडाकडे फिरवलं होतं.

तेवढ्यात एक घोडं माझ्याजवळ येऊन थांबलं. लगाम धरून एक म्हातारे मुसलमान गृहस्थ चालत होते. पुढं ते मला सांगत, ते जनावर त्या आंब्याखाली कधीच थांबत नसे. का थांबलं ते त्यांनाही सांगता आलं नाही, मलाही नाही. त्यांनी माझ्या बंडीवरचा डाग पाहिला, वास घेतला आणि म्हणाले, "पावणं, बिब्बा लावलायसा व्हय?" मी मान खाली घातली. त्यांनी लगेच मला घोड्यावर घातलं आणि डोंगराकडे पाठ करून आपल्या गावी नेलं. देवाच्या दारी न पोचताच परत फिरलो म्हणून मी रडत होतो. गुलालाची पुडी मुठीत घामानं भिजली होती.

त्यांना मी चाचा म्हणू लागलो. ते जन्मभर घोड्यांच्या पागेत चाकरीला होते. खोगिरानं सोललेल्या पाठी बऱ्या करणं हे त्यांचं काम. त्यांनी माझी बंडी काढली, दोन्ही बाजूंच्या खुणा पाहिल्या. मी डोळे मिटून घेतले, हसण्याची वाट बघत राहिलो. ते म्हणाले, कापणाऱ्याचा हात चांगला होता, नास तू केलास. बस, एवढंच.

कडुनिंबाच्या उकळलेल्या पाण्यानं त्यांनी रोज जखम धुतली. पोरगं माझ्याकडं हाय, असा निरोप तालमीत धाडला. ताप उतरायला आठ दिवस लागले. मग त्यांनी माझ्यापुढं तांब्याची परात ठेवली, तीत गाईचं तूप घातलं आणि पाणी ओतून तळव्यानं फेसायला सांगितलं. पाणी काढून टाकायचं, नवं घालायचं, असं शंभर वेळा. दहा पाण्यांतच मी कंटाळलो. चाचांनी विचारलं, "तुजा देव कंचा?"

मी म्हणालो, जोतिबा.

"मग दर पान्याला त्येचं नाव घे. म्हंजे हात घाईला येत न्हाय."

त्या ओसरीवर बसून मी आयुष्यात पहिल्यांदा काहीही न मागता देवाचं नाव घेतलं. तूप लोण्यासारखं पांढरं आणि गार झालं. जखमेवर कातडी धरल्यावर ते वणावर हलक्या बोटानं लावायचं, वर कापसाची घडी ठेवून पट्टा बांधायचा, हात वर न्यायचा नाही, उन्हात उघडं बसायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं की हे. मी विचारलं, वण जाईल का? चाचा म्हणाले, "जानार न्हाय. पर तू त्येच्यावर रागवायचा थांबलास तर त्यो बी शांत हुईल."

महिन्यानं मी तालमीत परतलो. वस्ताद मातीला पाणी मारत होते. त्यांचे रविवार अजून चालूच होते. मी पायांवर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं. बैल नव्हता, डॉक्टरांकडून कापून घेतलं, बाईसारखी छाती होती म्हणून. वस्तादांनी घागर खाली ठेवली.

"ठाव हुतं मला. दोन्ही बाजूला येका मापाचं शिंग मारणारा बैल मी अजून बघितला न्हाय."

"मग उपास कशापायी, वस्ताद?"

"जखम तर खरी हुती की," ते म्हणाले, आणि पुन्हा घागर उचलली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं डोंगरावर गेलो. पायऱ्यांवर वस्तादांनी बंडी काढली. मीही काढली. लोकांनी उधळलेला गुलाल माझ्या छातीवर पडला. देवापुढं उभा राहिलो तेव्हा मागायचं काही आठवेना. हात जोडले आणि तसाच उभा राहिलो.

डॉक्टरांनी सांगितलेले महिने पुरे करूनच मी मातीत उतरलो आणि पुढं बरीच वर्षं लढलो. कुस्त्या जिंकलो, हरलोही. वण बारीक झाले, पांढुरके झाले, गेले मात्र नाहीत. हे काय, असं कुणी विचारलं तर खरं ते सांगत गेलो. पहिल्या वेळी जीभ अडखळली, दुसऱ्या वेळी कमी. ते सांगण्याचं बळ माझं नव्हतं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. देवानं ते कुणाच्या हातून पाठवावं हे ठरवणारा मी कोण? ज्यांच्या हातून पोचलं त्या दोन्ही म्हाताऱ्यांना माझा दंडवत.