फिनलंडचा म्हातारा थांबला होता

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. माझा मित्र सुकलाल पटले जाऊन महिना होत आला. त्याच्या मुलाने फोनवर "बाबा गेले जी" म्हटलं, तेव्हा रडू येण्याआधी मला हायसं वाटलं. आता त्याला कधीच कळणार नव्हतं...

सुकलाल केशोरी गावात धान पिकवायचा आणि लग्नांत, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या दंडारीच्या खेळांत गॅसबत्त्या भाड्याने द्यायचा. वीज आली, भाडं संपलं, तरी बत्त्या त्याने विकल्या नाहीत. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. २००४च्या सुमारास मला इंटरनेटवर जुन्या गॅसबत्त्यांच्या शौकिनांचं एक मंडळ सापडलं. मग दर रविवारी आम्ही एसटीने अर्जुनीच्या सायबर कॅफेत जाऊ लागलो. तो सांगायचा, मी टाइप करायचो. जपानचा सुतार, कॅनडातली नर्स, फिनलंडचा एक म्हातारा... सुकलाल त्यांच्याबद्दल शेजारगावचे सोयरे असल्यासारखा बोलायचा. फिनलंडात हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो हे ऐकून म्हणाला, "मंग त्याले रॉकेल लय लागत असंन."

मंडळाची एक रीत होती. जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी आपापल्या गावी सूर्य मावळला की बत्ती पेटवायची आणि फोटो टाकायचा. न्यूझीलंड, जपान, मग केशोरी, आमच्यामागून फिनलंड, सगळ्यांत शेवटी कॅनडा. आमचा फोटो दुसऱ्या दिवशी अर्जुनीहून जायचा, पण सुकलालला ते पटायचं नाही. पंप मारता मारता मला हाकायचा, "लवकर करा गुरुजी, तो बुढा वाट पाहून राहिला."

माझा मुलगा तेव्हा अमेरिकेत होता. महिना महिना त्याचा फोन यायचा नाही. सुकलालला साधा ताप आला तरी चार देशांतून विचारणा व्हायची, आणि ती मीच त्याला वाचून दाखवायची. एका रविवारी बसथांब्यावर मी त्याला म्हणालो, मंडळ बंद पडलं. "काऊन जी?" त्याने विचारलं. लोक उरले नाहीत, मी म्हणालो. "आपण तं होतो," तो एवढंच बोलला.

निवृत्तीनंतर मी गोंदियाला आलो, घरी कॉम्प्युटर घेतला आणि मंडळाचं सगळं एकटाच वाचू लागलो. फिनलंडचा म्हातारा दर जानेवारीत लिहायचा, केशोरीची बत्ती दिसली नाही, मी थोडा थांबतो. मी कधी उत्तर दिलं नाही. मग एका वर्षी तोच गेल्याची बातमी तिथे आली.

सुकलाल गेल्यावर मी मंडळावर सगळं खरं लिहिलं. रागावलं कोणीच नाही. कॅनडातल्या नर्सने फक्त विचारलं, हे तुम्ही त्याला सांगितलंत का?

सांगायलाच गेलो होतो, त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात. तो खाटेवर होता. सून चहा देताना म्हणाली, दर जानेवारीत बाबा बत्ती पेटवायलेच लावतात. मी त्याच्याकडे पाहिलं.

"मंडळ बंद पडलं जी," तो म्हणाला, "मानसं तं नाही पडली ना बंद."

"सुकलाल, एक सांगायचं होतं..."

त्याने माझा हात धरला. "तुमच्यानं जग पाहिलो, गुरुजी."

मी चहा संपवला. औषधं वेळेवर घे म्हणालो, आणि दुपारची एसटी पकडली.