कडेला बसणाऱ्यांचा टीव्ही

चार वर्षांपूर्वी मी पाड्यावरून नाशिकला निघाले त्या सकाळी जीपमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाने आत डोकावून हुकूम सोडला, "सरका रे थोडं, पोर शिकाया चालली." कुरकुरत का होईना, सगळे सरकले. ओट्यावर आय उभी होती. तिच्यामागे आमचा जुना डबा टीव्ही. तो रोज संध्याकाळी दारात यायचा, तोंड अंगणाकडे. आख्खा पाडा आमच्या अंगणात बसायचा.

पाड्यावर राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, हे तुमच्यासाठीच लिहितेय.

गेल्या पावसाळ्यात तो डबा बंद पडला. आय फोनवर म्हणाली, "आता कोनी येत नाय. जो तो आपला मोबाइल घेऊन घरात. अंगण नुसतं झाडायचं." बा द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेला की ती घरात एकटीच. मला टीव्हीचं नाही, त्या झाडलेल्या रिकाम्या अंगणाचं वाईट वाटलं. साठवलेले पंधरा हजार घेऊन मी गंगापूर रोडच्या एका दुकानात गेले.

मी कोण? ग्राहकांना फसवणाऱ्यांविरुद्ध पत्रकं वाटणारी. मला कोण गंडवणार? दुकानदाराने त्रेचाळीस इंची दाखवला. सेलमधला, बजेटात बसणारा. मी समोर उभी राहिले. रंग झकास. कार्ड काढलं आणि आयला व्हिडिओ कॉल लावला.

तिने इंच विचारले नाहीत. विचारलं, "कडेला बसलेल्याला दिसंल का?"

मी दोन पावलं बाजूला झाले. चित्र फिकं पडलं. आणखी दोन पावलं, आणि माणसांचे चेहरे पिठासारखे पांढुरके. काय झालं होतं माझं? चार वर्षांत मी सोफ्यावरून बघायला शिकले होते. सोफ्यावर तिघं बसतात, तिघंही समोर. आमच्या अंगणात समोर जेमतेम पाच जण मावतात. बाकीचे गोठ्याच्या खांबापासून पार चुलीच्या भिंतीपर्यंत, कडेकडेने.

दुकानदार हसला. "मॅडम, गावालाच द्यायचाय ना? गावाकडे एवढं कोण बघतं?"

कोण बघतं? तुमच्या बंगल्यांचा पाया खणणारे बघतात. तुमची द्राक्षं खुडणारे बघतात. गावाला कसलाही माल चालतो, हे कोणी ठरवलं? मी हे सगळं मोठ्याने बोलले. दुकानातल्या एका काकू म्हणाल्या, "बरोबर बोलतेय पोरगी," आणि स्वतःही बाजूला जाऊन बघू लागल्या.

मग मी प्रत्येक टीव्ही कडेने पाहिला. एकीकडच्या भिंतीला खेटून, मग दुसरीकडच्या. शेवटी बत्तीस इंची घेतला. लहान, पण कुठूनही बघा, चेहरा चेहराच. इंटरनेटच्या चोचल्यांचे पैसे मोजले नाहीत. आमच्याकडे रेंज येते-जाते, डिशच्या छत्रीवरच काम भागतं. उरलेल्यातून स्टॅबिलायझर घेतला, कारण आमची वीज कधी चढेल आणि कधी झोपेल याचा नेम नाही.

शनिवारी पाड्यावर जाऊन टीव्ही दारात ठेवला, तोंड अंगणाकडे. पहिल्यांदा दोन पोरं आली, मग त्यांना शोधत त्यांच्या आया, मग मोबाइल खिशात घालून बाप्ये. म्हातारा सोनूबाबा म्हणाला, "धाकला हाय गं!" आणि बघत बसला.

नाशिकची खोली माझी आहे. माझं काम तिथे, भांडणं तिथे. ती सोडून मी परत येणार नाही, आणि त्याबद्दल मला कसलीही लाज वाटत नाही. पण त्या संध्याकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा अंगणात बसायला जागा नव्हती. आय गोठ्याच्या खांबाकडून ओरडली, "सरका गं, पोर आलीय." सगळे सरकले. मी पार कडेला बसले. तिथून चित्र स्वच्छ दिसत होतं.

घर म्हणजे माझ्यासाठी आता एवढंच, आणि एवढं पुष्कळ आहे. इतक्यात खालच्या घरची रखमाकाकू हात पुसत आली.

मी सरकले.