आवाज दाबून मिळेल

इसमाचे नाव: तानाजी मोहनराव. आडनाव मुद्दाम देत नाही. तालुक्यात त्या आडनावाची माणसे भरपूर असून सगळ्यांना वेळ आहे. राहणार पाटोदा. बांधा मध्यम. ओळखखूण: गळ्यात कायम लटकणारा हेडफोन. शिक्षण: ध्वनी या विषयात ऑनलाइन, अपूर्ण. व्यवसाय: लग्ने, वाढदिवस व तत्सम प्रसंगांचे मोबाईलवर थेट प्रक्षेपण. सदर इसम स्वतःस 'थ्रीडी साउंड तज्ज्ञ' म्हणवतो व याबाबत आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

हरकत घ्यायला आधी काही कळावं लागतं. तानाजीच्या म्हणण्याप्रमाणे साधा आवाज समोरून येतो, थ्रीडी आवाज चहूबाजूंनी. याला तो 'घेर' म्हणतो, घागऱ्याला असतो तसा. घेराला डेटा जास्त लागतो, आणि पाटोद्याचं नेट म्हणजे रुसलेला जावई. म्हणून आवाज आवळून, म्हणजे 'कॉम्प्रेस' करून पाठवायचा. ही क्रिया मराठीत आणून त्याने दुकानावर पाटी लावली: 'येथे थ्रीडी आवाज दाबून मिळेल.' पाटीचं शुद्धलेखन अचूक आहे, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

त्याच्याकडे जायची वेळ पारूबाईंवर आली. पारूबाई भीमनगरातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. जन्मभर भीमगीतं गात आल्या, पण सगळी वस्तीतच. पुण्यातली एक संस्था लोकगायक निवडून मंचावर आणणार होती. परीक्षक घरबसल्या मोबाईलवर थेट ऐकणार, संधी एकच. नात अंजली शाळेत शिक्षिका. तिने आजीचं नाव दिलं. "एकडाव गावाच्या बाहीर गायले म्हंजे बास," एवढंच पारूबाईंचं मागणं.

विहारात तानाजी दोन माईक आणि वायरींचं भेंडोळं घेऊन आला.

"तानाजीभाऊ, साधा आवाज जाऊ द्या," अंजली म्हणाली.

"साधा? ताई, साधा तर लाऊडस्पीकरवाला बी देतो. आपल्याकडं हेडफोन लावला की आजी डोक्याभवती फिरते."

"मी कावून फिरू बाबा?" पारूबाई म्हणाल्या. "मपले गुडघे दुखतेत."

"तुमी न्हाई आजी, तुमचा आवाज फिरतो. अन् मंग मी तो दाबतो."

"बरं हाय. आजवर लोकं न सांगता दाबीत व्हते. हा सांगून तरी दाबतो."

तानाजीला हा आशीर्वाद वाटला.

त्याची दाबण्याची रीत अशी: दोन्ही कानांत जे सारखं जातं ते एकदाच पाठवायचं, दोन कानांतला फरक तेवढा वेगळा, नेट अडलं की आधी फरक सोडून द्यायचा. शास्त्र म्हणून यात काही गैर नाही. गैर सुरू होतं ते तानाजी स्वतःची भर घालतो तिथून. घेर यावा म्हणून त्याने पारूबाईंचा आवाज डावीकडे सुलटा आणि उजवीकडे उलटा सोडला. त्यामुळे दोन्हीकडे सारखं असं त्यात काही उरलंच नाही. अख्ख्या पारूबाई फरकात गेल्या. साथीला म्हाळू होता. त्याची ढोलकी दोन्हीकडे सारखीच राहिली, कारण तिला सुधारायला तानाजीला सवड झाली नाही.

पहिल्या कडव्यालाच नेट अडलं. यंत्राने फरक सोडला.

विहारात बायका पदर डोळ्याला लावून ऐकत होत्या. पुण्याला ढोलकी पोचली, टाळ्या पोचल्या, बाहेरच्या शेळीचं ओरडणंही पोचलं. बाई तेवढी पोचली नाही. परीक्षकांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर आपल्याला कळलं नाही असं दिसलं असतं. विद्वान माणसं अशा वेळी मान हलवतात. त्यांनी कळवलं: 'गायनाचा धाडसी अभाव. मौनातून वेदना थेट पोहोचते. ढोलकीवादकाची निवड करण्यात येत आहे.'

अंजली दुकानावर गेली. "आजीचा आवाज कुठं गेला?"

"कुठं जाईल ताई? फरकात हाय. नेट तगडं असतं तर..."

"नेट तगडं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो आम्ही?"

"पण निवड झालीच की! म्हाळू काय परका हाय का? ते न्हाई, पेढे आणा."

अंजलीने संस्थेला फोन करून आजीला पुन्हा ऐकायची विनंती केली. नियमात बसत नाही, असं नम्र उत्तर आलं. तिने परीक्षकांचा शेरा घरी वाचून दाखवला. पारूबाईंनी तो दोनदा वाचायला लावला.

"गप बसल्यानं वेदना पोचती म्हणं," त्या म्हणाल्या. "मंग मला एवढं वरडायला कावून लावलं?"

तानाजीने मात्र स्टेटस ठेवलं: 'पाटोद्याचा आवाज पुण्यात.'

'ग्रामीण भागातील उपेक्षित कंठस्वरांचे जतन व संवर्धन' या उपक्रमांतर्गत कार्यक्रम यथावकाश संपन्न झाला. म्हाळू पुण्याला गेला होता. त्याच्या ढोलकीवर गायला संस्थेने पुण्यातलीच एक बाई बसवली.