नातीने कॉलेज सोडलं तेव्हा

माझी नात अमेरिकेत जन्मली, म्हणून तिथल्या सरकारच्या मदतीवर तिथेच कॉलेजात शिकत होती. परीक्षेच्या तोंडावर आजारी पडली आणि सगळं सोडून शारजाला आमच्याकडे आली. सत्र पुरं न केल्यामुळे मदत परत मागतील, या धास्तीने मुलगा तिला कॉलेजला कळवू देईना. शेजाऱ्यांना सांगे, सुट्टीवर आलीय.

मी म्हटलं, "अरे, शेजाऱ्यांना थापा मार, कॉलेजला कशाला?"

नातीने संध्याकाळी माझ्यासमोरच फोन लावला. बोलणं संपवून ती ओरडली, "आजी, नथिंग टू पे!" सत्राचा बराचसा काळ तिने हजेरी लावली होती, त्यामुळे मिळालेली मदत तिचीच राहिली.

मुलगा रडायलाच लागला.

"आता कसलं रडतोस? जा, सुरमई घेऊन ये."