कालचाच आकडा

माझे सासरे एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीच्या पंखाघरात कामाला होते. पंखाघर जमिनीवर असतं. तिथला खोलीएवढा पंखा खाणीतली खराब हवा ओढून बाहेर टाकतो, म्हणून दुसऱ्या तोंडाने चांगली हवा आत जाते. पंखा चालू ठेवायचा, पट्टे बदलायचे आणि भिंतीवरच्या काट्यावर हवेचा दाब बघून दर तासाला वहीत लिहायचा, हे त्यांचं काम. खाण बंद पडली आणि ते घरी बसले. घरी बसलेला पंखेवाला म्हणजे घरातल्या प्रत्येक यंत्राच्या जिवाला घोर. फ्रिज जरा घरघरला की हे उठून त्याच्या पाठीला कान लावायचे. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या छातीला कधी एवढा कान लावला नाहीत."

मी गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. खेळाचे नियम लिहिते. काय केलं की काय होईल, कुठे सोपं ठेवायचं, कुठे घाम काढायचा. तेव्हा आम्ही परग्रहावरच्या वसाहतीचा गेम करत होतो. साठ माणसं घेऊन ओसाड ग्रहावर उतरायचं, घुमट बांधायचे आणि हवा, पाणी, अन्न सांभाळत त्यांना जगवायचं. पहिला मसुदा लोकांना दाखवला तर ते "ही तर भातुकली" म्हणाले. आमच्या प्रमुखाने फर्मान काढलं की खेळात खरेपणा हवा. जेवताना मी हे घरी सांगितलं, तेव्हा सासऱ्यांनी ताटावरून मान वर केली.

"तुमच्या त्या ग्रहावर हवा कोण सांभाळतं?"

"यंत्र, बाबा."

"आणि यंत्राला?"

दुसऱ्याच आठवड्यात ते सल्लागार म्हणून माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. कचेरीतल्या पोरापोरींनी पहिल्याच दिवशी त्यांचं बारसं केलं, पंखेकाका.

मी त्यांना गेम दाखवला. हवा कमी झाली की कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकायचा. यंत्र बिघडलं की 'दुरुस्ती' असं बटण दाबायचं, की झालं. सासऱ्यांनी ते बटण तीनदा दाबून पाहिलं.

"बटण दाबलं की दुरुस्त? मग आम्ही एकतीस वर्षं काय झक मारली?"

सगळे हसले, तेही हसले. मग चष्मा पुसून त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते पाच आठवडे चाललं. पट्टा एका दिवसात तुटत नाही, आधी महिनाभर सैल होतो. सुटा भाग मागवला तर एक नंबर लहान येतो. यंत्र कळणारा माणूस एकच असतो, आणि नेमका तोच आजारी पडतो. मी लिहीत गेले. इतका खुशीत असलेला माणूस मी त्या घरात लग्न झाल्यापासून पाहिला नव्हता. ते सकाळी माझ्या आधी तयार होऊन दारात उभे असायचे.

एक दिवस ते म्हणाले, "पोरी, तुमच्या खेळात हवेचा आकडा पडद्यावर आपोआप दिसतो. ते काढ."

"मग खेळणाऱ्याला हवा किती आहे ते कळणार कसं?"

"वहीतून. वसाहतीतला एक माणूस काटा बघेल आणि वहीत लिहील. खेळणाऱ्याने ती वही वाचायची. आता ऐक. शंभर दिवस काटा एकाच जागी राहिला ना, की एकशेएकाव्या दिवशी माणूस काट्याकडे बघत नाही. कालचाच आकडा उतरवतो. खेळणाऱ्याने मधूनमधून स्वतः जाऊन काटा बघितला तर वाचेल. नाही बघितला, तर गेली माणसं."

मी तो नियम जसाच्या तसा लिहिला. आजवर लिहिलेल्यातला तो सगळ्यात चांगला नियम होता, हे मला तेव्हाच कळलं होतं.

मग गेम काही हजार लोकांना चाचणीसाठी दिला, आणि शिव्यांचा पाऊस पडला. 'वहीत सगळं ठीक लिहिलंय आणि माझी चाळीस माणसं झोपेत मेली, हा काय फाजीलपणा?' 'अवघड असावं, पण अन्यायी नसावं.' बहुतेकांनी पाऊण तासात गेम बंद केला आणि पुन्हा उघडला नाही.

प्रमुखाने बैठक घेतली. आम्ही सात-आठ जण होतो, टोकाला सासरे. प्रमुख वयाने माझ्या नवऱ्याहून लहान, पण बोलायला गोड. म्हणाला, "काका, तुमचं सगळं शिरसावंद्य, फक्त ही वही जाईल. असं कोणी खोटं लिहीत नाही हो. एवढे जीव अवलंबून असताना कोण लिहील?"

सासऱ्यांनी हात टेबलावर ठेवले.

"मी लिहिलं होतं," ते म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही. मलाही नाही.

"तेवीस वर्षं झाली. अंगात ताप होता, काट्याची भिंत पंख्याच्या पलीकडे, उठायचा कंटाळा आला. पाळीतल्या आठही तासांचे आकडे बसल्या जागी आदल्या दिवसाच्या पानावरून उतरवले. खाली एक हवेचं दार उघडं राहिलं होतं. ते उघडं राहिलं की हवा मधूनच वळते, पुढच्या गल्लीत पोचत नाही. आणि वर काटा खाली येतो. तो खाली आलाच असणार. मी बघितला नाही. चार माणसं मेली. झोपल्यासारखी. दारावरचा माणूसही त्यातच गेला. चौकशीत सगळं त्याच्यावर ढकललं. माझी वही तपासली, आकडे बरोबर होते. मला शाबासकी मिळाली."

मग चित्रं काढणारी मुलगी हळूच म्हणाली, "बाप रे, काय जबरदस्त स्टोरी आहे."

घरी येताना बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. एवढंच म्हणाले, "तुझ्या सासूलाही ठाऊक नाही. घरी बोलू नकोस."

मी घरी बोलले नाही. मी दुसरीकडे बोलले.

प्रमुखाने तोडगा काढला होता. साध्या खेळातून वही काढायची. पण ज्यांना मरणाचं अवघड हवं त्यांच्यासाठी वेगळा प्रकार ठेवायचा, त्याचं नाव 'पंखेवाला'. आणि जाहिरातीत सांगायचं की हा नियम एका खऱ्या माणसाच्या कबुलीवरून घेतला आहे. "नाव नाही टाकायचं," तो मला म्हणाला. "मजकूर तूच लिही, तुझ्याइतकं कोणाला जमणार?" स्तुतीने मी फुगले, हे खरं आहे. सासऱ्यांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही. ताप, भिंत, दार, चार माणसं, शाबासकी, सगळं बारा ओळींत बसवलं. त्या ओळी लोकांना फार आवडल्या. हजारोंनी त्या एकमेकांना पाठवल्या.

नाव नव्हतं, पण खाणीतल्या माणसांना नावाची काय गरज? तसं दार, तशी चार माणसं आणि पंखाघर त्यांच्या माहितीत एकच होतं.

नवऱ्याला ती जाहिरात मित्राकडून आली, आणि मी काही सांगायच्या आधीच त्याने ती बापाला दाखवली. तो मला म्हणाला, "तू विकलंस त्यांना." त्या दिवसापासून मी सासऱ्यांची 'पोरी' राहिले नाही. "तुम्ही जेवून घ्या," असं म्हणू लागले. सुनेला शिक्षा करायला मराठीत एवढा एक शब्दही पुरतो.

आठवड्याने भर दुपारी दोन बायका आल्या. एक साठी-पासष्टीची, दुसरी तिची मुलगी, दवाखान्याच्या गणवेशातच. मी दार उघडलं. म्हातारी म्हणाली, "मी दारवाल्याची बायको." आमच्या सासूबाई तिला ओळखत होत्या. तेवीस वर्षं खाणीच्या वस्तीत तिला सगळे त्याच नावाने ओळखत होते. पाण्याच्या नळावरसुद्धा बायका म्हणायच्या, हिच्या नवऱ्याने दार उघडं टाकलं.

ती बसली नाही. सासऱ्यांना म्हणाली, "एकच विचारते. दार उघडं होतं की नव्हतं?"

"उघडं होतं, वहिनी."

"मग त्यांचं चुकलंच."

"चुकलं. पण मी काटा बघितला असता तर तासाभरात माणूस पाठवून दार लावून घेतलं असतं. चौघेही वर आले असते. चूक पकडण्यासाठीच मला तिथे बसवलं होतं."

"माणूस चुकतो," म्हातारी म्हणाली. "तुम्हीही चुकलात, त्यांचीही चूक झाली. पण तेवीस वर्षांत तुम्ही माझ्या दारावरून हजार वेळा गेला असाल. खेळ खेळणाऱ्या पोरांना सांगायला तोंड उघडलं. मला सांगायला नाही?"

सासूबाई पाणी घेऊन आल्या होत्या, त्या पेला हातात धरून तशाच उभ्या. मुलीने आईचा दंड धरला. जाताना ती माझ्याकडे वळली. "ते तुम्ही लिहिलंत ना? छान लिहिलंय," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर सासऱ्यांनी खाणीच्या मुख्य कचेरीला पत्र लिहिलं, की चौकशी चुकली, दोष माझाही आहे, तशी नोंद करा. उत्तर नाही. मग स्वतः गेले. तिथल्या कारकुनाने सांगितलं की एवढे जुने कागद केव्हाच निकालात निघाले, आता नोंद करायची ती कशात? मेलेल्यांच्या उरलेल्या तीन घरांपैकी दोन घरं वस्ती सोडून कुठे गेली ते कोणालाच माहीत नव्हतं. तिसऱ्या घरात मेलेल्या माणसाचा भाऊ होता. त्याने चहा दिला आणि म्हणाला, "आता कशाला उकरता काका? आमचं विसरून झालंय."

सासूबाई एकाच गोष्टीवर अडून बसल्या. आपल्याला ठाऊक नव्हतं आणि साऱ्या जगाला ठाऊक होतं. त्या आता दुसऱ्या खोलीत झोपतात.

गेम चांगला चालला. मला बढती मिळाली, हाताखाली चार माणसं आली. 'पंखेवाला' प्रकार शंभरातल्या दोघांनी उघडला आणि पहिली माणसं मेल्याबरोबर त्यातल्या बहुतेकांनी बंद केला. वर्षभराने प्रमुख म्हणाला, तो भाग सांभाळणं परवडत नाही, काढून टाक. वाद घालावा असं मनात आलं, पण घातला नाही. एका सकाळी बसून मी ते सगळे नियम पुसले. चहाच्या सुट्टीआधी काम संपलं.

घरी मी अजून सांगितलेलं नाही. सासऱ्यांनीही गेमबद्दल कधी विचारलं नाही.