रिलिव्हर आल्याशिवाय

आमच्या आप्पांना कुणी एखाद्या जागी उभं केलं, की दुसरं माणूस येऊन ती जागा घेईपर्यंत ते हलत नसत. माझं लग्न होऊन आठवडा झाला असेल. सासूबाई त्यांना दुधाकडे बघायला सांगून शेजारी हळदीकुंकवाला गेल्या आणि तिथेच रमल्या. परत येऊन बघतात तर आप्पा ओट्यापाशी उभे, हातात डाव, आणि पातेल्यात दुधाची बासुंदी व्हायच्या बेतात. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, गॅस बंद करायचा ना!" आप्पा शांतपणे म्हणाले, "बंद कर असं तू बोल्लीच नाय. बघ बोल्लीस. रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाय."

रिलिव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. आप्पांनी लोट्याच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून पाळ्या केल्या. घर रत्नागिरीत, खोली लोट्याला, आणि साप्ताहिक सुट्टीला एसटीने घरी. पुढचा माणूस आल्यावर त्याला तोंडी सगळं सांगायचं, लॉगबुकात लिहायचं, त्याने खाली 'चार्ज घेतला' लिहून सही करायची, मगच गेटबाहेर पडायचं. निवृत्त झाल्यावरही हा नियम त्यांच्या अंगातून गेला नाही. आम्ही सगळे त्यावरून त्यांची चेष्टा करायचो, मीही करायचे.

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी आप्पा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीला आले. तेव्हा आमची काय अवस्था होती ते सांगायला हवं. मीरा चार वर्षांची, ओम नऊ महिन्यांचा. मीरा बालवाडीतून दर पंधरवड्याला नवा ताप घेऊन यायची, तो ओमला द्यायची, ओम मला. ओमला पाळणाघरात जागा मिळत नव्हती, म्हणून मी त्याला मांडीवर घेऊन घरूनच ऑफिसचं काम करत होते. बाहेर पडायचं तर दोन पोरांना मोजे, बूट, टोप्या, कोट चढवेपर्यंत पहिल्याला शू लागायची. महेश संध्याकाळी सहाला यायचा, "दमलो गं," म्हणायचा आणि सोफ्यावर फोन घेऊन आडवा व्हायचा. भांडायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं. शेवटी आम्ही ठरवलं, की आप्पा परत जाताना मीराला घेऊन जातील आणि वर्षभर ती रत्नागिरीत माझ्या आईकडे राहील. तिचं तिकीटही काढून झालं होतं. चार वर्षांच्या मुलीला आपण पाठवून देतोय, हे मनात आलं की मी धुणं वाळत घालायला जायचे.

आप्पा आले ते आमसुलं, कुळथाचं पीठ आणि आंबापोळी घेऊन. पहिले तीन दिवस खुर्चीत बसून त्यांनी नुसतं बघितलं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी बॅगेतून एक दोनशे पानी वही काढली, पट्टीने रेघा मारल्या आणि मला म्हणाले, "बाय, तुमच्या प्लांटला शिफ्टच नाय. सगळे सगळा वेळ ड्युटीवर, म्हणून कोणच ड्युटीवर नाय. उद्यापासून सकाळी सहा ते दोन ओम माझा, दोन ते सहा तुझा, मग महेशचा. माझ्या पाळीत तू तुझं काम कर, नायतर झोप. पण चार्ज दिल्याशिवाय उठायचं नाय."

मला हसू आलं, पण ते हसणं दोनच दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी मी सलग दोन तास झोपले आणि उठल्यावर मला आजचा वार आठवेना. वही उघडून बघितली. तिच्यात लिहिलं होतं : 'ओम. ९.१० प्रेशर वाढले, चेहरा लाल. ९.२० रिलीज. पॅंट बदलली. ९.४५ पेज अर्धी वाटी, बाकी भिंतीवर. भिंत पुसली.' खाली माझी सही हवी होती. मी केली. त्या क्षणापुरतं का होईना, घरात काय चाललंय ते माझ्याशिवाय आणखी कुणाला तरी ठाऊक होतं. या गोष्टीचं मला किती बरं वाटलं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

बालवाडीत तर कमालच झाली. ओमला बाबागाडीत घालून मीराला सोडायचं कामही आप्पांनी मागून घेतलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी तिथल्या बाईंना दारातच थांबवून अस्सल रत्नागिरीच्या मराठीत पोरीचा चार्ज दिला. झोप बरी झाली, शेंबूड हाय पण ताप नाय, डब्यात घावणे हायत, उजव्या बुटात खडा गेला होता तो काढलाय. मग वही पुढे केली आणि बोटाने सहीची जागा दाखवली. बाईंना वाटलं, हा कुठला तरी सरकारी कागद असणार. त्यांनी निमूट सही केली. दुसऱ्या दिवशीही केली. आठवड्याभराने हा कागद कसला ते मी त्यांना समजावून सांगितलं, तर त्या हसल्या आणि मला म्हणाल्या, राहू दे, मुलीबद्दल इतकं नीट मला कुणीच सांगत नाही. शब्द एक कळत नव्हता त्यांना. तरी शेवटपर्यंत त्या सही करत राहिल्या.

एकच रकाना रिकामा राहायचा, संध्याकाळचा. आप्पा रोज सहाला वही घेऊन दारात उभे राहायचे. महेश त्यांना वळसा घालून सोफ्याकडे जायचा. एकदा आप्पा म्हणाले, "सही कुठाय, महेश?"

"आप्पा, मी दमून आलोय."

"दमलास ते तिकडच्या गेटवर सोडून यायचं. इथं तू रिलिव्हर. ती दोनपासून उभी हाय."

महेशच्या तोंडून तेव्हा जे निघालं ते इतकी वर्षं कुठे साठलं होतं कोण जाणे. "तुम्ही होतात का कधी घरी? मला तापबिप आला तर कळायचं तरी का तुम्हाला?"

आप्पांनी वही मिटली आणि ते स्वयंपाकघरात जाऊन ओमच्या बाटल्या धुवायला लागले. मी मागून गेले. मला वाटलं, रागावले असतील. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "बरोबर बोल्ला तो. कंपनीत एक मिनिट जागा उघडी टाकली नाय मी. नि घरात त्याच्या आयशीची एकच शिफ्ट अठरा वर्षं चालली. तिला मी रिलिव्हर दिला नाय गो बाय. तिनं मागितलाही नाय. मागायची सोय असते हेच तिला ठाऊक नव्हतं." बाटली धुऊन झाली होती, तरी ते ब्रश फिरवत राहिले. मी त्यांच्या हातातून ती घेतली तेव्हा कुठे थांबले.

महेशने हे दारातून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सहाला आला, चार्ज ऐकला, सही केली आणि तासाभरात ओमला माझ्याकडे आणून दिलं. त्याच्या पुढच्या दिवशी दीड तास टिकला. तिसऱ्या दिवशी सोफ्यावरच. मग पुन्हा सही. असं रडतखडत महिनाभर चाललं.

आप्पांच्या निघायच्या दिवशी सकाळी मीराची बॅग दारात भरून तयार होती. आप्पांनी ती उघडली आणि तिचे फ्रॉक एकेक करून परत कपाटात ठेवायला लागले. मी बघतच राहिले. "आप्पा, हे काय? तिकीट काढलंय तिचं."

"जाऊ दे फुकट. पोर म्हणजे काय आंब्याची पेटी हाय, इकडनं चढवली नि तिकडं उतरवली?" मग महेशला समोर उभं करून त्यांनी तोंडी चार्ज दिला. ओमला खालचा दात येतोय. मीराला रात्री पाणी लागतं. गॅलरीच्या दाराची कडी सैल आहे. आणि शेवटी, मी समोर उभी असताना : "हिची झोप लई बाकी हाय. ती आधी भागवायची." महेशने सही केली.

खरं सांगते, मला तेव्हा गहिवरून वगैरे आलं नाही. मी संतापले होते. एका वर्षाची झोप माझ्या तोंडासमोरून काढून घेऊन हा माणूस चाललाय, असंच मला वाटलं. विमानतळावर मी त्यांना धड नमस्कारही केला नाही. घरी परतताना ट्रेनमध्ये मीरा माझ्या दंडावर डोकं टाकून झोपली. तिच्या केसांना आप्पांच्या खोबरेल तेलाचा वास येत होता. रडू फुटलं ते तेव्हा.

वही पुढे दीड वर्ष चालली. मग पाळ्या तोंडपाठ झाल्या आणि ती बंद पडली. आमचं दमणं संपलं असं मुळीच नाही. पण आता दोघं दमतो, आणि त्याने पुष्कळ फरक पडतो.

यंदा मे महिन्यात आम्ही रत्नागिरीला यायला निघालो. मुंबईला उतरून महेशने फोन चालू केला, तर शेजारच्या काकांचे अकरा फोन येऊन गेलेले. सकाळी आप्पांच्या छातीत दुखायला लागलं, काकांनी रिक्षाने दवाखान्यात नेलं, आणि आम्ही विमानात असतानाच ते गेले. माणसं आमच्यासाठी थांबली होती. सगळं उरकून स्मशानातून घरी आल्यावर काकांनी महेशच्या हातात एक वही ठेवली. म्हणाले, "रिक्षा दारात उभी होती, तरी हे लिहून होईस्तोवर उठले नाहीत हो."

अक्षर वाकडंतिकडं झालं होतं. 'सकाळी ७.४०. छातीत कळ. पाळी अर्धवट सोडतो. रिलिव्हर विमानात आहे. पंप बंद. गॅस बंद. मोरीतला नळ ठिबकतो, खाली बादली आहे. कलमांना पाणी घातले. मुलांसाठी फणस पिकत घातला आहे, उद्या होईल. सून दमून येईल, तिला आधी झोपू द्यावे.'

महेशने ते दोनदा वाचलं. मोरीत जाऊन भरलेली बादली ओतून परत नळाखाली ठेवली. मग पेन मागून घेऊन खाली लिहिलं, 'चार्ज घेतला', सही केली आणि घड्याळ बघून वेळ घातली. ओम माझ्या खांद्यावर झोपला होता. महेशने त्याला अलगद उचलून घेतलं आणि म्हणाला, "तू जा. पड जरा."