साठलेला राग

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी नागपूरच्या सेशन कोर्टात स्टेनो होते. साक्षीदार मराठीत बोलायचा, न्यायाधीश ते इंग्रजीत सांगायचे आणि मी टाइप करायचे. आमचे न्यायाधीश साहेब शब्दांच्या बाबतीत भारी काटेकोर. चहाच्या वेळी माझी शिकवणीच घ्यायचे. अँगर येतो आणि जातो. रेजमध्ये माणसाचा स्वतःवर ताबा राहत नाही. रिझेंटमेंट म्हणजे गिळलेला अपमान, तो आतल्या आत सलत राहतो. आणि हेट्रेड मुक्कामाला येतं, ते जात नाही. सक्करदऱ्याच्या साध्या शाळेत शिकलेल्या मला हे ऐकून फार शहाणं झाल्यासारखं वाटायचं. घरी भावाशी भांडतानाही मी त्याला बजावायचे, की हा नुसता अँगर आहे, रेज अजून यायचाय.

मग तो खटला आला. कळमन्याकडच्या एका गोदामातल्या हमालानं मुकादमाला पोतं ओढायच्या आकड्यानं मारलं होतं. मुकादम जागीच गेला. मारलं हे हमाल नाकारतच नव्हता. प्रश्न एवढाच होता, की हे एकदम उसळलेल्या रागात झालं की मनात धरून. उसळलेला राग असेल तर काही वर्षांची शिक्षा. मनात धरलेला असेल तर जन्मठेप, नाहीतर फाशी.

बचावाच्या वकिलानं हमालाच्या आईला साक्षीला आणलं. ती त्या दुपारी डबा घेऊन गोदामावर गेली होती आणि सगळं तिच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. तिनं पढवल्याप्रमाणे नीट सांगितलं. मुकादमानं आईवरून शिवी दिली, पोराचं डोकं फिरलं, आकडा हातात होताच. साहेबांनी मला इंग्रजी शब्द सांगितला, रेज. पोरगा वाचतो बहुतेक, असं मला वाटलं.

मग सरकारी वकील उलटतपासणीला उठले. आवाज एकदम मऊ.

"माय, मुकादम तुह्या पोराले लय त्रास देत होता का?"

इतक्या महिन्यांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"लय, साहेब. पाणी मागितलं का वरून ओते. सगळ्यायच्या समोर जातीवरून बोले. पोतं फाटलं का यालेच उन्हात उभं करे. पोरगा घरी येऊन जेवेच ना. भिताडाकडे तोंड करून बसे."

"मंग काही म्हणे का तो?"

"म्हने, माय, एक दिवस याले सोडत नाई मी."

बचावाच्या वकिलानं मान खाली घातली. साहेबांनी मात्र तिला एक संधी दिली. "बाई, नीट सांगा. राग त्या दिवशी आला, का आधीपासून होता?"

"त्या दिवसाचा कुठचा, साहेब? वर्सानुवर्साचा होता. लय सोसलं माह्या लेकानं. लिवजा तुम्ही."

तिचं म्हणणं सरळ होतं. एका शिवीसरशी जीव घेणारा तो माथेफिरू. पण इतकं सोसून मग ज्याचा हात उठतो, त्याला कोण दोष देईल? मला तेव्हा तसंच वाटत होतं, आजही वाटतं. कायदा उलटा चालतो. ती मात्र एकेक अपमान आठवून आठवून सांगत राहिली, पोराला सोडवतेय असं समजून. बस कर वं माय, असं ओरडावंसं वाटत होतं. पण स्टेनोला तोंड नसतं. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, हेट्रेड. मी टाइप केलं. मला त्या शब्दाचा, साहेबांचा, त्या मऊ आवाजाचा संताप आला, आणि त्याला इंग्रजीत काय म्हणायचं याचा विचार मी केला नाही.

जबानी मराठीत वाचून दाखवली तेव्हा ती प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. अंगठा दिला आणि हलकी होऊन पिंजऱ्यातून उतरली. व्हरांड्यात मला म्हणाली, "बरं झालं वं बाई, सारं सांगून टाकलं. आता साहेबाले समजलं असन."

जन्मठेप झाली. निकालपत्रात कारणं दिली होती त्यात सगळ्यात आधी तिचीच साक्ष होती. तेही मीच टाइप केलं. पोराला पोलिसांच्या गाडीत चढवल्यावर ती मला शोधत आली. रडत नव्हती.

"बाई, माह्याकडून काही सांगायचं राह्यलं का वं?"

"नाही माय," मी म्हणाले. "काहीच राहिलं नाही."